जनूचं बावखल

साल दोन हजार पंचवीस. जनू एकोणसत्तर वर्षांचा होता. श्रावण चालू होता, मी वाडीत केळीची वाळकी पानं उतरवत होतो आणि आमच्या हिने ओट्यावरून हाक मारली. हाक नेहमीची नव्हती. ती भांडते तेव्हा तिचा आवाज अख्ख्या आळीला जातो, पण काही वाईट झालं की अगदी बारीक होतो. त्या दिवशी तो इतका बारीक होता की मी कोयता तिथेच टाकून आलो. फोन तिच्या हातात होता, पलीकडे जनूची मुलगी. मी फोन घेतला. "काका, बाबा सकाळी उठलेच नाहीत... आत्याला धरा," एवढंच ती म्हणाली. मी हिला धरलं.

जनू म्हणजे जनार्दन, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, माझा मेव्हणा. तो गेल्यावर झाडाझुडपांची आवड असलेल्या कुणीतरी चार ओळी व्हॉट्सॲपवर टाकल्या, त्याखाली लोकांनी जोडलेले हात टाकले. मला ते पटलं नाही. माणूस एवढा चालला, एवढा भांडला आणि चार ओळींत संपला? मी चौथीपर्यंत शिकलोय. नात म्हणाली, आजोबा, तुम्ही सांगा, मी लिहिते. मी म्हटलं, मेव्हणा माझा, लिहिणार मी, तू नंतर चुका काढ.

जनू नववीला नापास झाला आणि वालीवला एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागला. तिकडच्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी, कारण शुक्रवारी लाइट नसते. सगळ्या जगाला रविवार आणि ह्याला शुक्रवार. त्या दिवशी मुलगी शाळेत, मित्र कामावर, बायकोला घरचं. घरात बसून कंटाळला आणि चालत सुटला. आधी तुंगारेश्वरच्या डोंगरात, मग खाडीच्या कडेने, मग राजोडीच्या वाळूत. जाताना हात हलवत जायचा, येताना पिशवीभर पाला आणायचा. तो पाला वर्तमानपत्रांत घालायचा आणि वर वर्कशॉपच्या भंगारातल्या लोखंडी प्लेटा ठेवायचा. पलंगाखाली पाला, कपाटावर पाला, देव्हाऱ्याच्या खालीसुद्धा पाला. त्याची बायको म्हणायची, लोकांच्या घरात पापड वाळतात, आमच्या घरात गवत वाळतं. जुनी पुस्तकं रद्दीवाल्याकडून आणायचा, इंग्रजी शब्द एकेक करून लावत बसायचा. पण त्याला पुस्तकांपेक्षा जास्त त्याच्या चुकांनी शिकवलं, आणि चुका त्याने पुष्कळ केल्या. एकदा पावसाच्या तोंडावर शेवळं घेऊन आला. ही रानभाजी आमच्याकडे काकडाच्या आंबट फळांशिवाय कुणी शिजवत नाही, नाहीतर घशाला खाज सुटते, हे शेंबड्या पोरालाही माहीत. हा म्हणाला, ताई, काकडं नको, मी दुसरा एक पाला शोधलाय, खाज मारतो. बहिणीने भावावर विश्वास ठेवला. दुपारभर सगळं घर जिभा बाहेर काढून बसलं. माझी आई तेव्हा होती. ती खोबरं चघळत हिला म्हणाली, "सूनबाय, तुझ्या भावाला जेवाला बोलव, सैपाकाला नको." आणि जनू? सुजलेल्या जिभेने म्हणाला, पाला जरा कोवळा होता. चुकलो असं तोंडातून आलं नाही. मीही त्याच जातीचा माणूस, म्हणून आमचं कधी पटलं नाही आणि कधी तुटलंही नाही.

भांडायला त्याला कारण लागायचं नाही. राजोडीला एका रिसॉर्टवाल्याने समोरची सगळी मर्यादवेल उपटून टाकली, पाहुण्यांना वाळू स्वच्छ दिसावी म्हणून. जनू तिथे जाऊन उभा राहिला आणि मालकाला म्हणाला की ही वेल वाळू धरून ठेवते, उद्या तुझी खोली समुद्रात गेली तर मला बोलवू नको. मालकाने माणसं बोलावली. मी सोबत होतो म्हणून त्याला दंडाला धरून ओढत आणला. वाटभर तो मलाच शिव्या घालत होता.

आता मी ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. आमच्या होळी गावात आणि सगळ्या वसईच्या पट्ट्यात जुन्या लोकांनी ती खणली. पावसाचं पाणी त्यात भरायचं, त्यावर रहाट चालायचा, म्हशी डुंबायच्या. वैशाखात पाणी आटून मधल्या खळग्यापुरतं उरलं की घरातली सगळी माणसं खाली उतरायची, कडेचा काळा गाळ टोपल्यांनी वर काढायची आणि केळीला, पानवेलीला घालायची. मधला खळगा माशांसाठी सोडायचा. आमचं बावखल माझ्या आजोबांनी खणलं. आता ते माझं आणि माझ्या चुलतभावाच्या मुलाचं, हेमंतचं, सामाईक आहे.

एका भाऊबीजेला जनू आला. ओवाळायचं ताट तयार, निरांजन पेटलेलं, आणि भाऊ बेपत्ता. ही शोधायला गेली तर नव्या सदऱ्यानिशी बावखलाच्या काठावर पालथा पडलेला. पाण्याखाली पोपटी, पातळ, रुंद पानं होती आणि वर एक पांढरं फूल, तीन पाकळ्यांचं. आम्ही ते जन्मापासून बघत आलो होतो. त्याने आईला नाव विचारलं. आई म्हणाली, "नाव कसलं? पान्यातली कोबी ती. म्हशीला घालतो." त्या दिवशी जनू जेवला नाही. कॉलेजातल्या एका बाईंना पान नेऊन दाखवलं, त्यांनी शास्त्रातलं नाव सांगितलं, ते माझ्या जिभेवर बसत नाही. जनूने मग आमचा पट्टा पालथा घातला. शेजारच्या गावात आणखी एका बावखलात त्याला ती कोबी दिसली. दोन पावसाळ्यांनंतर त्या बावखलावर इमारत उभी राहिली. तेव्हापासून तो आमच्या बावखलाकडे असं बघायचा की जणू ते आपल्याकडे सांभाळायला दिलेलं दुसऱ्याचं लेकरू.

आणि इथेच त्याने घोळ घातला. आई गेली, म्हशी गेल्या. एका वैशाखात मी गाळ काढायला माणसं बोलावली तर हा आडवा आला. भावोजी, आता हात लावू नका, बी पडू द्या, झाड वाढू द्या, म्हणाला. मी म्हटलं, जनू, बावखल उपसलं नाही तर मरतं. तो म्हणाला, जंगलाला कोण उपसतं? बोलणं ऐकायला बरं होतं, पण म्हणून ते खरं होत नाही. शेवटी आमची ही मध्ये पडली. माझ्या भावाने जन्मात तुमच्याकडे एक मागितलं, म्हणाली. मी माणसं परत पाठवली. पुढच्या काही वर्षांत काय व्हायचं ते झालं. कुठूनशी जलपर्णी आली, एका पावसात अर्धं बावखल झाकलं, दुसऱ्या पावसात सगळं. खालचं पाणी काळं पडलं, वास यायला लागला, डास झाले. पांढरं फूल दिसेनासं झालं. जनू यायचा, काठावर बसून त्या हिरव्या गादीकडे बघायचा आणि उठून जायचा.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर हेमंतच्या लहान मुलीला डेंग्यू झाला. पोर वाचली, पण ते दिवस आमच्या आळीने कसे काढले ते आम्हालाच माहीत. ती घरी आल्यावर हेमंतने सगळ्यांना आमच्या ओटीवर बोलावलं. त्याला बावखलात भर टाकायची होती. वर लग्नासाठी लॉन करायचं हेही त्याच्या डोक्यात होतं, पण त्या दिवशी तो बाप म्हणून बोलत होता आणि बाप म्हणून त्याचं चूक नव्हतं. "तात्या," मला म्हणाला, "माझी पोरगी सलाइनवर होती. मला त्या डबक्यातल्या फुलाची स्टोरी सांगू नका."

जनूला कुणी बोलावलं नव्हतं, तरी तो आला होता. तो उठला आणि म्हणाला, उपसू नका असं मी म्हटलं होतं, दोष मला द्या. त्याच्या तोंडून असलं काही मी पहिल्यांदा ऐकत होतो. हेमंतने त्याच्याकडे बघितलंही नाही. "जनूमामा, तुम्ही पाहुणे," म्हणाला. "चहा घ्या. घरच्या गोष्टीत बोलू नका."

ही दाराच्या चौकटीत उभी होती, तिने माझ्याकडे बघितलं. जनूला गप्प बसवावं असं मलाही कितीदा वाटलंय, पण माझ्या ओटीवर माझ्या मेव्हण्याला दुसऱ्या कुणी गप्प बसवायचं नाही. मी म्हटलं, बोल जनू, काय बोलायचं ते.

तो म्हणाला, "मला येता एक पावसाळा द्या. बावखल मी उपसतो. पानी निर्मळ राहील, डास होनार नाहीत, आनि झाडपन वर येईल. नाही आलं तर भरीची पहिली टोपली मीच टाकतो."

ती शेवटची अट त्याच्याकडे कुणी मागितली नव्हती. नुसत्या निर्मळ पाण्यावर हेमंत तयार झाला असता, असं मला अजून वाटतं. पण जनूला फुलाशिवाय बावखल म्हणजे कशाला, असं होतं. हेमंत लगेच म्हणाला, चालेल, झाड आलं नाही तर भर. सगळे माझ्याकडे बघायला लागले, घरात वडील मी. मी म्हटलं, ठरलं. गणपती जाईपर्यंत मुदत, माझा शब्द. आमच्या गावात माझ्याकडे शिक्षण नाही, पद नाही, एवढं एक आहे... तात्याने म्हटलं की झालं.

वैशाखात जनू उतरला. छातीत डॉक्टरांनी आधीच एक स्प्रिंग बसवलेली. दोन माणसं मदतीला घेतली होती, तरी स्वतः मांडीभर चिखलात. ही काठावरून म्हणायची, "जन्या, वर ये, पाया पडते तुझ्या." तो म्हणायचा, "ताई, पाया नको पडू, भजी तळ." मी रहाटाच्या जुन्या दगडावर बसून बघायचो. मी एकही टोपली उचलली नाही. उपसावं लागतं हे मी आधीच सांगितलं होतं, तेव्हा ऐकलं नाही, आता उपस. मात्र मधला खळगा सोड, असं मी त्याला सांगितलं. त्याने तोही सोडला नाही. जलपर्णीचं एक मूळ राहिलं तर पुन्हा पसरेल, म्हणाला. खालची पिवळी माती लागेपर्यंत खरवडलं. सगळा गाळ केळीत गेला. असा लख्ख तळ माझ्या बापानेही कधी पाहिला नसेल.

पाऊस झाला, बावखल भरलं. पाणी खरंच निर्मळ. डास खाणारे बारीक मासे जनूने कुठूनतरी डब्यातून आणून सोडले. दर शुक्रवारी तो यायचा, रिटायर झाला तरी त्याचा वार तोच. चपला काढून काठावर उकिडवा बसायचा, हाताने डोळ्यांवर सावली धरून पाण्यात बघायचा. आषाढ गेला, एक पान नाही. हेमंत मोटरसायकलवरून जाता जाता विचारायचा, "काय मामा, कोबी लागली का?" जनू पूर्वी असला टोमणा सोडायचा नाही, दोन परत करायचा. आता नुसती मान हलवायचा. ही चहा द्यायची, तो प्यायचा, मी वाडीकडे बघत बसायचो, आणि गणपती जवळ येत होते.

शेवटच्या शुक्रवारी तो बराच वेळ काठावर बसला. मग केळीत गेला, तिथला गाळ हातात घेऊन चोळला, आणि हात न धुताच ओट्यावर आला. त्याचा चेहरा उतरलेला होता, पण डोळ्यांत काहीतरी चालू होतं. म्हणाला, "भावोजी, मी तळ खरवडला ना, तिथंच चुकलो. बी सगळं गाळाबरोबर केळीत गेलं. थोडा गाळ परत आत टाकू या. चार-पाच टोपल्या बस झाल्या."

मी म्हटलं, आजोबांपासून ह्या बावखलातून गाळ बाहेर गेलाय, आत कधी आला नाही. आधी म्हणालास उपसू नका, मग तळापर्यंत उपसलंस, आता म्हणतोस परत टाका. हेमंतला काय सांगू? आळी हसेल.

"हसू दे."

"तुझ्यावर नाही हसणार. माझ्यावर हसेल."

जनूने कप उचलला. चहा पूर्ण प्यायला, कप स्वतः आत नेऊन ठेवला. बहिणीला म्हणाला, भाऊबीजेला ह्या वेळी लवकर येतो. फाटकापाशी जाऊन उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मग मी हरलो, भावोजी. हेमंतला सांगा, टोपली तयार ठेव." मी त्याला परत हाक मारली नाही. हाक मारली असती तर तो उलट आणखी भांडला असता, आणि मला त्या दिवशी भांडायचं नव्हतं. पुढचा शुक्रवार यायच्या आत मुलीचा फोन आला.

दिवसकार्य झालं. त्याच्या घरचा पाला त्या कॉलेजातल्या बाईंनी नेला, गाडीत नीट रचून नेला, मी स्वतः उभा राहून बघितलं. लोखंडी प्लेटा मात्र मुलीने ठेवून घेतल्या. मग गणपती आले. मी रोज सकाळी बावखलाला चक्कर मारायचो. कुणी विचारलं तर सांगायचो, पाण्याची मोटर बघायला आलोय. पाणी निर्मळ होतं, मासे होते, बेडूक होते. पान नव्हतं.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हेमंत आला. उद्धट बोलायला आला नव्हता, हे मी कबूल करतो. खाली बसला, मामांचं वाईट झालं म्हणाला, काकीला बरं आहे का विचारलं. मग म्हणाला की भरीची गाडी उद्या सकाळी येणार आहे, तुम्हाला आधी सांगावं म्हणून आलो. ही आत भांडी लावत होती, ती थांबली. भांड्यांचा आवाज बंद झालेला मला ऐकू आला.

मी म्हटलं, "गाडी आणू नको."

"तात्या, झाड आलं का?"

"नाही आलं."

"मग? मामांनी स्वतः अट घातली होती. तुम्ही शब्द दिला होता, सगळ्यांसमोर."

"दिला होता," मी म्हटलं. "मोडला."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटतं त्याला राग यायच्या आधी धक्का बसला. मी त्याला सांगितलं की सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, माझ्या हो शिवाय तिथे मातीचा खडा पडणार नाही. पाणी मी साफ ठेवीन. तुझ्या पोरीला एक डास चावला तर मला ओट्यावरून खाली ओढ, मी काही बोलणार नाही. पण भर नाही. तो म्हणाला, आणि मी गावात काय सांगू? तात्यांनी शब्द फिरवला असं सांगू?

"सांग. माझं नाव घेऊन सांग."

"गाडी सांगून ठेवलीय, तात्या. सकाळी येनार. मग बघू," असं म्हणून तो उठला. चपला घालून गेला. ही आतून आली नाही. थोड्या वेळाने भांड्यांचा आवाज परत सुरू झाला.

लोक विचारतात, मेलेल्या माणसाला काय कळणार होतं, कशाला शब्द घालवलात? जनूचं बरोबर होतं असं मी आजही म्हणत नाही. उपसू नका म्हणाला ते चूक, तळ खरवडला ते चूक, आणि ती अट घातली ती तर सगळ्यांत मोठी चूक. गाळाचं तो म्हणाला ते तरी खरं की खोटं, मला माहीत नाही. पाऊस सरत आला, बी रुजायचे दिवस गेले, एवढं शेतकऱ्याला कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोपली आणि फावडं घेऊन केळीत गेलो. वैशाखात घातलेला गाळ अजून काळा होता, पावसाने बसला होता. टोपली भरली आणि डोक्यावर घ्यायला वाकलो तर मागून हिने चुंबळ पुढे केली. टोपली चढवायला हात लावला आणि बाजूला झाली. मी निघालो. वाट हेमंतच्या अंगणावरून जाते. तो दात घासत उभा होता. रस्त्याच्या तोंडाशी राडारोड्याची गाडी येऊन थांबली होती, आळीतली दोन-चार माणसं बघायला जमली होती. त्यातला एक म्हणाला, "तात्या, गाळ उलटा कुठं नेताव?" कुणीतरी हसलं. ड्रायव्हरने मलाच मालक समजून खिडकीतून विचारलं, "चाचा, माल किधर खाली करना है?" मी डोक्यावरची टोपली सांभाळत म्हटलं, वापस लेके जाव. तो हेमंतकडे बघायला लागला. हेमंत माझ्याकडे बघत होता, माझ्या डोक्यावरून गळणाऱ्या काळ्या पाण्याकडे. मी थांबलो नाही. चपला काढल्या, जनू बसायचा तिथून पाण्यात उतरलो आणि टोपली रिकामी केली. निर्मळ पाणी गढूळ झालं. मागे गाडी रिव्हर्स घेऊन परत रस्त्याला लागल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं नाही, दुसरी टोपली भरायला गेलो.